रीफरमध्ये केळी कशी भरायची? दाराकडच्या दोन रांगा पिकून निघाल्या, त्यावरून हा धागा

तापीकाठ

राम राम मंडळी.

मी रावेर तालुक्यातल्या एका पॅकहाऊसवर भरणी बघतो. सहा वर्षं झाली. आपल्या भागातून आता केळीचे कंटेनर आखातात नेमाने जातात, म्हणून माझ्या हातून झालेली एक चूक इथे नीट मांडतो. पुढच्या कुणाची तरी खेप वाचेल.

मे महिन्यातली खेप. ४० फुटी रीफर, म्हणजे गार ठेवायचं मशीन लावलेला कंटेनर, १३ किलोच्या १५४० पेट्या, म्हणजे २० टन माल. मशीनवर १३.५ अंश लावलेलं. न्हावाशेव्यापर्यंत आणि पुढे बोटीवरही डिस्प्ले १३.५ च दाखवत होता. कंटेनर उघडल्यावर खरेदीदाराने फोटो पाठवले. मशीनकडचा माल हिरवागार, आणि दाराकडच्या शेवटच्या दोन रांगा पिवळ्या. काही फण्यांची देठं मऊ पडून गळालेली. एका पेटीचा फोटो मी अजून जपून ठेवलाय. वरची फणी पिवळी, खालची अर्धी हिरवी, आणि प्लास्टिकच्या पिशवीला आतून पाणी सुटलेलं.

सगळ्यांनी आधी मशीनला दोष दिला, मग ड्रायव्हरला. मीसुद्धा. मग लॉगरचा, म्हणजे मालात ठेवलेल्या तापमान नोंदवणाऱ्या डबीचा आलेख आला. लॉगर दाराकडच्या पेटीत होता. पहिल्या रात्री २४ अंश, दुसऱ्या दिवशी २२, चौथ्या दिवशी कुठे १६. डिस्प्ले खोटा नव्हता. तो मशीनमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान दाखवत होता, केळीचं नाही.

त्या रात्रीची भरणी मी डोळ्यांपुढे आणली तेव्हा दोन गोष्टी आठवल्या. एक, शेवटच्या ३०० पेट्या दुपारच्या कापणीच्या होत्या. प्रीकूलिंगच्या, म्हणजे भरणीआधी माल गार करायच्या खोलीत त्यांना जेमतेम दोन तास मिळाले होते. गाडी थांबून होती, जेवणं राहिली होती, मी म्हटलं चढवा. दुसरी, शेवटचं पॅलेट (पेट्यांची थप्पी ज्यावर रचतात ती फळी) लागल्यावर दारापाशी साधारण दीड फूट जमीन उघडी राहिली होती. ती तशीच ठेवून दार लावलं.

कंटेनरची जमीन सपाट नसते, इंग्रजी टी अक्षरासारख्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. मशीन गार हवा त्या पट्ट्यांच्या मधून, मालाच्या खालून दारापर्यंत ढकलतं. ती हवा पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत मशीनकडे येते. हतनूरच्या कालव्यावर शेती असलेल्यांना यापुढचं सांगायला नको. बांधाला एक उंदराचं बीळ असलं की पाणी तिथूनच फुटतं आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. मी दाराशी दीड फुटाचं बीळ ठेवलं होतं. हवा पेट्यांत शिरलीच नाही, उघड्या जमिनीतून वर उठून सरळ परत गेली. आणि नेमक्या तिथल्याच पेट्या गरम होत्या.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये आपल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी त्या नावाने दुबईला गेली. पेटीवर जळगावचं नाव असतं, माझं नाही. म्हणून ही चूक जास्त लागते. तुमच्याकडे भरणी कशी करता ते सविस्तर लिहा.

यावल_बागायतदार

दादा, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. पण एक शंका. कंटेनरला एवढं मोठं मशीन असतं. मग प्रीकूलिंगचा खर्च आणि वेळ कशासाठी? आमचा माल कापून बांधावर पडलेला असतो, आणि पॅकहाऊसवाले म्हणतात खोली भरलेली आहे, उद्या कापा. बाग एक दिवस थांबली तर उन्हात घड तडकतो. मशीन १० वर लावून द्या, रस्त्यात गार होईल ना माल?

माझे वडील निंभोरा स्टेशनवर दिल्लीच्या वॅगनी भरायचे. घडाभोवती केळीचा पाला लावायचा, मधे वारा खेळायला जागा सोडायची. मशीन नव्हतं काही, तरी माल पोचायचा.

गारवा_भुसावळ

मी रीफरची मशीनं दुरुस्त करतो, १४ वर्षं. यावलच्या दादांचा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतं. त्यामुळे हिशेबच मांडतो.

एक किलो केळी एका अंशाने गार करायची तर साधारण ३.३५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. माल २० टन. गर ३२ अंशांवर आहे आणि १४ वर आणायचाय, म्हणजे १८ अंश. गुणाकार करा, १२ लाख किलोज्यूलच्या वर जातं. विजेच्या भाषेत ३३५ युनिट. मशीनची गार करायची ताकद उन्हाळ्यात १० किलोवॅट धरली तर ते अखंड साडेतेहतीस तास फक्त एवढंच काम करत बसेल. यात भिंतीतून आत येणारं ऊन धरलेलं नाही. केळी स्वतः जी उष्णता सोडते तीही धरलेली नाही. तोडलेली केळी जिवंत असते, श्वास घेते, आणि दर १० अंशांना तो श्वास दुप्पट-तिप्पट होतो. गरम माल स्वतःच शेगडीसारखा तापत राहतो. त्यामुळे प्रत्यक्षात तीन-चार दिवस लागतात. तापीकाठ यांच्या लॉगरने तेच दाखवलं.

ही मशीनं गार माल गार ठेवायला बनवलेली आहेत. प्रीकूलिंगच्या खोलीत पंखा पेट्यांच्या भोकांतून जोरात हवा ओढतो, म्हणून तिथे काही तासांत काम होतं.

आता १० वर लावायचं म्हणता. ते तर मुळीच करू नका. १३ च्या खाली केळीला थंडी बाधते. गार हवा आधी मशीनजवळच्या खालच्या पेट्यांना लागते. तिथली केळी १० च्या हवेत बसेल, आणि दाराकडची तेव्हाही २५ वरच असेल. एकाच कंटेनरमध्ये एक टोक थंडीने गेलं आणि दुसरं गरमीने.

तापीकाठ

थंडी बाधलेली केळी बाहेरून लगेच ओळखू येत नाही, हे नवीन मंडळींसाठी सांगतो. हिरवी असताना साल नखाने अलगद खरवडा. आतल्या बाजूला तपकिरी रेषा दिसल्या, जणू कुणी पेन्सिलने ओढल्यात, की समजा बाधली. पिकवल्यावर तिला तजेलदार पिवळा रंग येतच नाही, राखाडी मळकट दिसते. खायला ठीक लागली तरी बाजारात कुणी हात लावत नाही.

आणि यावलच्या दादा, तुमच्या वडिलांची गोष्ट माझ्याच मुद्द्याची आहे. त्यांनी वाऱ्याला जागा सोडली होती. आपण मशीन आल्यावर ती सोडणं विसरलो.

हिरवी_पेटी

मी सावद्याजवळच्या पॅकहाऊसवर पॅकिंगच्या बायकांची टोळी सांभाळते. माझ्या मते कंटेनर यायच्या आधीच अर्धी भरणी बिघडलेली किंवा साधलेली असते, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

उन्हाळ्यात आम्ही कापणी पहाटे साडेचारला सुरू करायला लावतो. नऊच्या पुढे कापलेला घड आणि पहाटेचा घड यांच्या गरात सहज सहा-सात अंशांचा फरक असतो, हा माझ्या थर्मामीटरचा अनुभव आहे. घड डोक्यावर गादी ठेवून आणायचा, सावलीतच ठेवायचा. फण्या काढून तुरटीच्या पाण्यात टाकल्या की चीक थांबतो आणि थोडी गरमीही उतरते. पाणी मात्र दिवसभर तेच वापरलं तर दुपारी कोमट होतं, मग उपयोग नाही.

पेटीकडे तर कुणी बघतच नाही. भोकं कशासाठी आहेत हे टोळीतल्या प्रत्येकीला मी दाखवलंय. पिशवी भरताना तिची घडी भोकावर आली की पेटी बंद झाली, मग मशीन कितीही मोठं असू द्या. पेटीवर पेटी ठेवताना भोकावर भोक यायला हवं, कोपऱ्यावर कोपरा यायला हवा. पुठ्ठ्याची सगळी ताकद कोपऱ्यांत असते. कोपरा थोडा जरी सरकला तर वरचं ओझं मधल्या झाकणावर येतं, झाकण खाली दबतं, आणि खालच्या फणीला जो काळा डाग पडतो तो पिकल्यावर दिसतो. थर पक्का व्हावा म्हणून काही जण वरच्या पेट्या आडव्या-उभ्या लावतात. पट्टी बांधायचा कंटाळा म्हणून. तसं केलं की सगळी भोकं बंद.

गराचं तापमान बघायचं तर पॅलेटच्या बाहेरची पेटी बघू नका. ती लवकर गार होते आणि फसवते. मधल्या थरातली, आतल्या बाजूची पेटी काढायची, मधल्या फणीतलं मधलं केळं घ्यायचं आणि सुई थेट गाभ्यापर्यंत घालायची. आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबायचं. सुई घातलेलं केळं परत पेटीत ठेवायचं नाही. त्यातून चीक गळून शेजारच्या केळींना डाग पडतो, आणि जखम झालेलं केळं आधी पिकायला लागतं.

पेटी बंद करताना एखादं केळं जरा पिवळसर दिसलं तर ती पूर्ण फणीच बाजूला. एक केळं शेजारच्या शंभरांना पिकवतं. यावर मी कुणाचंच ऐकत नाही, मालकाचंही नाही.

महामार्ग_५३

मी ट्रेलर चालवतो. पारोळ्याचा. रावेर ते न्हावाशेवा हा माझा कायमचा फेरा, धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट. तापीकाठ यांनी ‘मग ड्रायव्हरला’ असं लिहिलं ते वाचून थांबलो. माल बिघडला की पहिलं बोट आमच्याकडे येतं. त्यांनी स्वतःची चूक लिहिली म्हणून मीही आमच्यातली लिहितो.

मशीनला वीज देणारा जेनसेट तासाला साधारण तीन लिटर डिझेल खातो. रात्री ढाब्यावर झोपताना काही जण तो बंद करतात. आवाजही जातो, डिझेलही वाचतं. मे महिन्यात रात्री दोनलाही पत्रा हाताला गरम लागतो. तीन-चार तास पंखा बंद म्हणजे मालाची स्वतःची गरमी आतच कोंडते. माझ्या ओळखीच्या एकाने असं केलं आणि त्याचं वर्षभराचं काम गेलं. मी दर दोन तासांनी सप्लाय आणि रिटर्न दोन्ही आकड्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. सुरुवातीला कुणी मागितला नव्हता. आता पॅकहाऊसवाले स्वतःच आठवण करतात.

दोन्ही आकडे का, तर सप्लाय म्हणजे मशीनमधून निघालेली हवा, ती १३.५ दिसली म्हणून खूश व्हायचं नसतं. रिटर्न म्हणजे मालातून फिरून आलेली हवा. भुसावळ सोडताना रिटर्न २० दाखवत असेल तर माल गरम भरलाय, हे मला तिथेच कळतं. मी तसा फोनही करतो. पण दार बंद, सील लावलेलं. तेव्हा कोण परत बोलावतो?

एक विचारायचंय. भरताना मशीन चालू ठेवायचं की बंद? प्रत्येक पॅकहाऊसवर वेगळं सांगतात.

खान्देश_डेअरी

भाऊ, हाई एकदम खरी गोट शे, दोन्ही आकडे बघायलाच पाहिजेत.

मी धुळ्याहून दूध, दही आणि आइस्क्रीमच्या गाड्या पाठवतो. आमच्याकडे नियम आहे, गाडी भरायच्या दोन तास आधी मशीन चालू, आतला डबा गार करून घ्यायचा, आणि भरताना चालूच ठेवायचं. बंद केलं की आइस्क्रीम बसलंच.

गारवा_भुसावळ

डेअरीवाले दादा, गाडी आधी गार करता ते बरोबर, भरताना चालू ठेवता ते चुकीचं. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

दार उघडं आणि पंखा चालू, म्हणजे मशीन बाहेरची गरम दमट हवा आत ओढून घेतं. ती कॉइलवर, म्हणजे मशीनच्या गार नळ्यांवर जाते, पाणी सुटतं. तुमच्या उणे १८ च्या गाडीत त्याच पाण्याचा बर्फ होतो. कॉइलवर बर्फाचा थर बसला की हवा जाणार कुठून? दार लावल्यावर मशीन माल गार करायचं सोडून स्वतःचा बर्फ वितळवत बसतं. मी तुमच्यासारख्या गाड्यांची कॉइल उघडून पाहिलीय, पंख्यासमोर पांढरी भिंत उभी असते. दार उघडायच्या आधी मशीन बंद, भरणी झटपट, दार बंद, मग मशीन चालू. मधे चहाला जायचं असेल तर दार लावून जा.

महामार्ग दादा, तुमच्या प्रश्नाचंही हेच उत्तर. दार उघडं तेव्हा मशीन बंद.

कंटेनर आधी गार करावा का, हे मात्र पॅकहाऊसवर अवलंबून आहे. कोल्ड रूमचं दार आणि कंटेनरचं दार यांच्यात बंदिस्त बोगदा असेल, रबरी गादी घट्ट बसत असेल, तर जरूर गार करून घ्या. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पॅलेट उघड्या अंगणातून जातं. तिथे गार केलेला कंटेनर उघडला, विशेषतः पावसाळ्यात, की आतल्या भिंती आणि छत फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे घामेजतात. ते पाणी पेट्यांवर टपकतं. ओला पुठ्ठा कोपऱ्यात बसतो, मग ताईंनी लावलेला कोपऱ्यावर कोपरा काय कामाचा? अशा जागी कंटेनर आधी गार करू नका. माल पूर्ण गार ठेवा, रात्री भरा, आणि पटापट भरा.

खान्देश_डेअरी

राग नाही दादा. आमच्या ड्रायव्हरची तक्रार होतीच की निघाल्यावर मशीन तासभर मधेच थांबतं. आम्ही मशीनलाच नावं ठेवत होतो. उद्यापासून बदलतो.

एक माझ्याकडून. आमच्या गाड्या कंटेनरसारख्या नाहीत. यात हवा वरून येते. छताला कापडी नळी असते, ती हवा दारापर्यंत नेते, मग हवा मालाच्या बाजूने आणि खालून परत पुढच्या जाळीकडे येते. म्हणजे वारा उलटा. पोरं जागा वाचवायला माल छताला टेकवतात, नळी दबते, आणि दाराकडचं दही आंबतं. वर वीतभर जागा हवीच. जमीन सपाट असेल तर खाली पॅलेट हवंच, नाहीतर परतीची वाट बंद. पुढच्या जाळीला पेटी चिकटवली तर मशीनचं नाकच दाबल्यासारखं होतं.

आणि गोठलेला माल आम्ही एकमेकांना घट्ट लावतो, मधे फट ठेवत नाही. तो श्वास घेत नाही. हवा त्याच्या बाहेरून फिरली की झालं, बाहेरून येणारी गरमी तिथेच अडते. केळीचं वेगळं, तिच्या आतूनच गरमी येते, म्हणून हवा पेटीतून गेली पाहिजे. आमचा एक हमाल आधी आइस्क्रीमवर होता, तो केळीच्या पॅकहाऊसवर गेला आणि तिथेही पेट्या तशाच घट्ट ठोकू लागला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पपईवाले_आप्पा

शहाद्याहून नमस्कार. आमची पपई कागदात गुंडाळून साध्या ट्रकने उत्तरेत जाते. आता काही जण म्हणतात रीफर गाडी करू, अर्धी पपई, अर्धी केळी, भाडं वाटून घेऊ. तापमान दोघांचं जवळपास सारखंच आहे ना?

हिरवी_पेटी

आप्पा, तापमान जवळ आहे, पपई १० ते १३ मध्ये ठेवतात, केळीला १३ च्या खाली जायचं नाही. पण पपई रंग धरायला लागली की इथिलीन वायू सोडते, आणि हिरव्या केळीला तोच पिकवतो. दिल्लीला पोचेपर्यंत केळी पिवळी झालेली असेल. भाडं वाचवायच्या नादात माल जाईल. मी तर म्हणेन नका करू.

याच कारणासाठी आम्ही पॅकहाऊसच्या आत डिझेलचा टेम्पो चालू ठेवू देत नाही. त्या धुरातही इथिलीन असतं. बंद खोलीत अर्धा तास गाडी धुरकत राहिली तर खोलीतला सगळा माल जागा होतो.

गारवा_भुसावळ

ताईंचं बरोबर. आणि कंटेनरवर ताज्या हवेची खिडकी असते, ती विसरू नका. केळी श्वास घेते, आत कार्बन डायऑक्साइड आणि इथिलीन साचतं. खिडकीच्या तबकडीवर आकडे असतात. केळीच्या खेपेला खरेदीदारांच्या बऱ्याच पत्रांत ताशी २५ घनमीटर लिहिलेलं असतं. तुमच्या खरेदीदाराच्या पत्रात जो आकडा असेल तोच लावा. मी बघितलेल्या पाचपैकी एका कंटेनरवर ती खिडकी पूर्ण बंद असते. गोठलेल्या मासळीची आधीची फेरी असते, खिडकी तेव्हा बंद केलेली, मग कुणी बघितलीच नाही.

यावल_बागायतदार

मी पहिल्यांदा वाद घातला, पण तो ३३५ युनिटचा हिशेब डोक्यातून जाऊ नाही राह्यला. काल माझ्या बागेतला दुपारी कापलेला घड मोजला. पोराकडे सुईचा थर्मामीटर आहे, दूध मोजायचा. गाभ्यात ३६ निघाले. मला वाटलं होतं २८-३० असतील.

पण मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? आमच्या जवळच्या पॅकहाऊसला खोली लहान आहे. एका दिवसात ८०० पेट्याच गार होतात. कंटेनर १५४० चा.

तापीकाठ

दादा, हाच खरा प्रश्न आहे, आणि माझी चूकही याच जागी झाली. खोली जेवढी, तेवढीच कापणी. दोन दिवसांत कापा. पहिल्या दिवसाचा माल १३.५ वर खोलीत थांबतो, त्याला काही होत नाही. दुसऱ्या दिवसाचा माल गार झाला की मग गाडी बोलवा. आम्ही उलटं करतो. गाडी आधी बोलावतो, मग तिचं भाडं चढायला लागतं, मग गरम माल चढवतो. गाडीच्या घाईत माल भरला जातो, ही माझी सगळ्यात मोठी खंत आहे.

ठरलेल्या वेळेत शेवटच्या १०० पेट्या १६ च्या खाली येतच नसतील तर त्या कंटेनरमध्ये घालू नका. स्थानिक व्यापाऱ्याला द्या, पिकवण्याच्या चेंबरला द्या. भाव कमी मिळेल. पण त्या १०० पेट्यांची गरमी आणि त्यांचा इथिलीन बाकीच्या १४४० ना लागतो.

दाराकडच्या उघड्या जमिनीसाठी आम्ही आता जाड पुठ्ठ्याचा तुकडा कापून ठेवतो, तीन फूट रुंद. शेवटचं पॅलेट लागलं की पुठ्ठा टी-पट्ट्यांवर पसरायचा, एक कड पॅलेटच्या खाली सरकवायची आणि दुसरी वर दुमडायची. हवेला मग पेट्यांतूनच जावं लागतं. पॅलेटच्या मधे हाताएवढी फट राहिली तर तिच्यातही पुठ्ठा उभा घालतो. माल टी-पट्ट्या संपतात त्याच्या पलीकडे जाऊ देत नाही, नाहीतर तिथल्या पेट्यांखाली हवाच नसते. आणि वर भिंतीवरची लाल रेघ. तिच्या वर एकही पेटी नाही, सहा पेट्या उरल्या तरी नाही.

महामार्ग_५३

लाल रेघेवरून आठवलं. मागच्या महिन्यात एका ठिकाणी उरलेल्या २० पेट्या वर आडव्या ढकलत होते. मी म्हटलं, दादा, हवेची परतीची वाट आहे ती. हमाल म्हणाला, तू गाडी चालव. मी फोटो काढून मालकाला पाठवला. पेट्या उतरवल्या. तो हमाल माझ्याशी बोलत नाही, पण माल नीट पोचला.

हिरवी_पेटी

दादा, तुमच्यासारखा ड्रायव्हर प्रत्येक गाडीला मिळो.

हमालांनाही दोष देऊ नका हो कुणी. त्यांना पेटीमागे पैसे मिळतात, वाऱ्यामागे नाही. भरणीच्या आधी दहा मिनिटं त्यांना कंटेनरच्या आत नेऊन, टी-पट्ट्यांवर हात ठेवायला लावून, मशीन चालू करून हवा कुठून येते ती हाताला लागू द्या. आम्ही केलंय. एक म्हातारे काका म्हणाले, अरे, एवढी वर्षं मी हवेच्या तोंडावरच पेटी ठेवत होतो. त्या दिवसापासून तेच बाकीच्यांना ओरडतात.

तापीकाठ

काल रात्रीची खेप लिहितो. कापणी दोन दिवसांत, दोन्ही वेळा पहाटे. रात्री अकराला भरणी सुरू, मशीन बंद. बारा पेट्यांचा गर मोजला, सगळ्यात कमी १३.६, सगळ्यात जास्त १४.८. एक पॅलेट १७ निघालं, ते परत खोलीत पाठवलं. गाडी दोन तास थांबली. महामार्ग दादाच होते, त्यांनी काही म्हटलं नाही. पहाटे तीन वाजता दार लावलं, पुठ्ठा घातला, खिडकी पत्राप्रमाणे उघडली, मशीन चालू केलं. वीस मिनिटांनी रिटर्न १५.१.

महामार्ग_५३

पारोळ्याला सकाळी सातला रिटर्न १४.६. मालेगावला १४.३. आता कसारा उतरतोय, १४.१. जेनसेट चालू. फोटो ग्रुपवर टाकलेत.

हिरवी_पेटी

लॉगर कुठे ठेवलात या वेळी?

तापीकाठ

दारापासून दुसरी रांग, मधला थर, आतली पेटी. जिथे मागच्या वेळी २४ निघाले होते तिथेच.